सलग रस्ता

आगरहून डहाणूच्या बाजारात सायकलवर मासळी नेणाऱ्या नारूच्या मागेमागे सायकल मार्ग आखणारे साहेब तीन दिवस फिरले. "काका, तुमच्याइतका सलग रस्ता कुणालाच ठाऊक नाही," म्हणत त्यांनी त्याचा सायकलसकट फोटोही काढला.

वर्षभराने त्याच वाटेवर सायकल मार्ग झाला. पहिल्याच सकाळी वॉचमनने नारूला अडवलं.

"मासळीचा क्रेट घेऊन इथून जायचं नाही. वास येतो. मोठ्या रस्त्याने जा."

"तिकडे ट्रक अंगावर येतात रे. मी तर रोज इथूनच जातो."

"आता नाही."

नारूने बाजूच्या फलकाकडे पाहिलं. त्यावर सायकल चालवणारा हसरा माणूस छापला होता. टोपी नारूचीच, दोरीने बांधलेली घंटाही त्याचीच.

मागचा क्रेट तेवढा पुसून टाकला होता.