शोकठराव

मंगळवारी दुपारी आई जेवणाच्या टेबलावर कंपनीचे कागद पसरून बसली होती. सात संचालकांत ती एकटी बाई. बैठक दोन दिवसांवर आली होती. मुलगी ताटं ठेवायला जागा शोधत होती.

"तीन वर्षं अहवालात बॉयलरचा दाब दशांशापर्यंत तोच," आई पेन्सिल आपटत म्हणाली. "माझासुद्धा सकाळ-संध्याकाळ बदलतो. आणि तपासनीस कोण, तर अध्यक्षांचा मेहुणा."

"अगं, तिसऱ्यांदा अडवणार तू तो अहवाल?"

"खाली दोनशे माणसं काम करतात."

"बाकी सहा जणांना ती दिसत नाहीत? एकदा 'हो' म्हणून टाक ना. मला आता ऐकवत नाही, आई."

आईने कागद गोळा केले. ताटांना जागा करून दिली.

बुधवारी सकाळी ती उठलीच नाही. बैठक महिनाभर पुढे गेली.

त्या बैठकीला मुलीला बोलावणं आलं, शोकठराव स्वीकारायला. सगळे मिनिटभर उभे राहिले. मग चिटणिसांनी ठराव वाचला. त्यात आईचा मनमिळाऊ स्वभाव होता आणि मंडळाला सदैव लाभलेलं तिचं मोलाचं सहकार्य होतं.

"आम्ही गमतीनं स्थगितीबाई म्हणायचो त्यांना," अध्यक्ष म्हणाले. "रागावल्या नाहीत कधी." त्यांनी ठरावाची चौकट मुलीच्या हातात दिली, चहा मागवला आणि चिटणिसांकडे वळले. "बॉयलरचं घ्या. ताईंचा चहा होईपर्यंत उरकेल."

चिटणिसांनी वाचलं, "मागील दोन बैठकांत वेळेअभावी पुढे ढकललेला विषय."

मुलीने चौकट टेबलावर पालथी ठेवली.

"वेळेअभावी नाही."

"ताई, तुमची मनःस्थिती आम्ही समजू शकतो, पण—"

"ती नाही म्हणाली होती. दोनदा. सहकार्य वगैरे खोडा आणि ते लिहा." तिच्या आवाजात राग नव्हता. तेवढं त्राणच नव्हतं.

चिटणिसांनी अध्यक्षांकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण काढलं.

"आणि तिचं बरोबर होतं," मुलगी म्हणाली. सहाही जण तिच्याकडे बघत होते. ती कुणाकडेच बघत नव्हती. "मीच तिला हो म्हण, हो म्हण म्हणत राहिले. तुझं बरोबर होतं, आई."