तीन सेकंद

नवऱ्याच्या आईनं तोंड उघडलं, तसा भोंग्यानं आवाज वाढवला.

डीजेचं काम करून करून तो लोकांसाठी भोंगाच झाला होता. स्पीकर असे, की भिंतीवरची पाल भोवळ येऊन पडायची आणि शुद्धीवर आली की ठेक्यावर शेपटी हलवायची. वीस वर्षांत तो दोन गोष्टी शिकला होता. शिवी ओठांवर यायच्या आत गाणं चढवायचं. आणि गाणं एकदम कधी तोडायचं नाही, कारण ओरडून बोलणाऱ्याला घसा आवरायला तीन सेकंद लागतात. त्या तीन सेकंदांत त्यानं घरंच्या घरं मोडलेली पाहिली होती.

दुपारचे चार. जेवणं उरकलेली, पाचला लग्नाच्या रजिस्टरवर सह्या. दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे अशी बघत होती, की मधल्या टेबलावरचं आइस्क्रीम वितळून वाहायला लागलं. मुलीच्या मावशीनं बोट नाचवलं. भोंग्यानं बेस मारला. वरमाईनं कमरेवर हात ठेवले. त्यानं आणखी मारला.

तेवढ्यात नवरी त्याच्याजवळ आली.

"दादा, बंद करा."

"ताई, हॉल पेटेल."

"पेटू दे. ते दोघं काय बोलतायत, मला ऐकायचंय."

समोर नवरा आईच्या कानाशी वाकून, गळ्याच्या शिरा ताणून तिला काहीतरी पटवत होता.

"अहो, लग्न आहे तुमचं. शहाण्यासारखं..."

"सही माझी आहे. तुम्ही करताय, की वायर उपटू?"

भोंग्यानं आवाज एका झटक्यात शून्यावर आणला.

"...एकदा सही तर होऊ दे गं! पहिल्याच महिन्यात नोकरी सोडायला लावतो, मग बस म्हणावं घरात!"

हॉलभर ऐकू गेलं. नवऱ्यानं तोंडावर हात ठेवला, पण तोवर वाक्य संपलं होतं. वरमाई सगळ्यांकडे बघून हसली, जशी काही कुणी गंमतच केली. हसायला दुसरं कुणी नव्हतं. नवरीचे वडील खुर्चीवरून अर्धे उठले आणि पुन्हा खाली बसले.

नवरी भोंग्याकडे वळली. "आता लावा. मोठ्यानं."

"कुठलं लावू?"

"कुठलंही. बाबा रडतील आता. या लोकांना ऐकू जायला नको."