पाळण्याची परीक्षा

पाळण्यातल्या अफिफाने मूठ आवळली, ओठ काढला, आणि आता काही खरं नाही हे शिरीनला कळलं. लॅपटॉपच्या पडद्यावर तिच्या मार्गदर्शक कल्पना मॅडम चष्मा सरसावून बघत होत्या. आजचं प्रात्यक्षिक पसंत पडलं नाही तर पीएचडी आणखी एक सत्र लांबणार. बाळंतपणात आधीच लांबली होती.

पाळणा शिरीनचा होता, म्हणजे त्यामागचं गणित. बाळ झोपलेलं असलं की एक नियम, चुळबुळलं की दुसरा, रडलं की तिसरा. बाळाचा काय नेम, ते क्षणात बदलतं; पाळण्यानेही तितक्याच चटकन नियम बदलायचा. मोटर मात्र मुद्दाम अशक्त. आत पोटची पोर, तिथे जोराला हद्द हवीच.

अफिफाने भोकाड पसरलं. पाळण्याने नियम बदलला. मोटर हद्दीला जाऊन टेकली आणि नवल म्हणजे झोके तरीही वाढत गेले. पोर हुंदके देत देत झोपली.

"वा," मॅडम म्हणाल्या. मग समोरच्या झोक्यांच्या आलेखावर वाकल्या. "शिरीन, मोटर तर केव्हाच थकलीय. वरचा जोर कुठून येतोय?"

शिरीनने मान वळवली. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा कोपऱ्यात, कालच भरे गावाहून आलेल्या सासूबाई रहिमतबी तांदूळ निवडत बसल्या होत्या. पाळण्याची दोरी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. पाय आपला चालू.

"अम्मी, काय हे?"

"तुझा पाळणा दमला व्हता. म्हटलं, जरा हातभार लावू."

"पायाने?"

"हात तांदळात हायेत न्हवं."

सेन्सर चुकला असेल, असं सांगून निभावलं असतं. शिरीनने लॅपटॉपच तिकडे वळवला. "मॅडम, जोर सासूबाईंचा आहे. ही चाचणी बाद धरा."

मॅडमनी तो अंगठा नीट पाहून घेतला. "बाद कशाला? बाहेरच्या कुणी ढवळाढवळ केली तर पाळणा आपली लय राखतो का, हेच मला बघायचं होतं. आजी, आता उलटं ओढा बरं. हळूच."

रहिमतबींना ते काही पटलं नाही, पण मास्तरीणबाईच सांगतायत म्हटल्यावर त्यांनी ओढलं. पाळणा अडखळला, सावरला, लयीत आला. पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. अफिफाची पापणीही हलली नाही.

रहिमतबींनी अंगठ्याची दोरी सोडली आणि सुनेकडे नाराजीने बघितलं.

"लई हट्टी हाय गं तुझा पाळणा. कुणाचं कायबी ऐकत न्हाई."

"हे वाक्य," मॅडम म्हणाल्या, "प्रबंधाच्या निष्कर्षात जसंच्या तसं घाला."