श्पिरोबाबांचा गोळा

लोव्रेचा लोखंडी गोळा बुलीनपासून दोन बोटांवर बसला होता. बुलीन म्हणजे लिंबाएवढी लाकडी गोटी. ज्यांचा गोळा तिला सर्वांत जवळ, ते जिंकले. त्या वर्षीचा संत रोकोच्या सणाचा डाव वरच्या आळीनं मारल्यातच जमा होता. आमच्या खालच्या आळीकडे एकच गोळा उरला होता, श्पिरोबाबांचा.

बाबा उठले. हात थरथरत होता. सगळ्यांनी ते पाहिलं आणि नजरा समुद्राकडे वळवल्या.

"फेका बिनधास्त, बाबा!" लोव्रे हसला. "फार तर माझ्या डोक्यात बसेल."

"नको. गोळ्याला पोचा येईल," बाबा म्हणाले, आणि वळून नातीला हाक मारली. "दिनका, ये इकडं."

बाकांवरची बडबड थांबली. आमच्याकडे रीत अशी, की ज्यानं आपला गोळा दुसऱ्याच्या हातात दिला, त्यानं पुन्हा मैदानात उतरायचं नाही.

दिनका आली ती आपला गोळा घेऊन. ऑस्ट्रेलियातल्या मामानं पाठवलेला, नवा, चकचकीत. बाबांनी एका हातात तो आणि दुसऱ्यात आपला जुना तोलून पाहिला.

"हा नको, जड आहे. जड पाहुणा दारात थांबत नाही, ढकलत आत घुसतो. लोव्रेचा उडेल, पण मागोमाग तुझाही जाईल."

"मग, आजोबा?"

"माझ्या आणि लोव्रेच्या गोळ्याचं वजन एकच. बरोबर त्याच्या मध्यावर बसव. म्हणजे हा आपली सगळी धाव त्याला देऊन टाकेल, आणि स्वतः तिथंच थांबेल."

"सगळी?"

"थोडी जरी राखून ठेवली, तरी थांबता येत नाही."

दिनकानं आधी बोट दाखवून सांगितलं, "तो." मारण्याआधी सांगावंच लागतं. मग ती चार पावलं धावली आणि हात सोडला.

खण्णकन आवाज झाला. लोव्रेचा गोळा सुसाट जाऊन कडेच्या फळीवर आदळला. आणि बुलीनपासून दोन बोटांवर, सकाळपासून तिथंच असावा तसा, बाबांचा गोळा स्वस्थ बसला होता.

लोव्रेनं टोपी काढली. "पोरी, माझा गेलेला दिसला. तुझा आला कधी?"

दिनकानं गोळा उचलला, झग्याला पुसला आणि पळत येऊन बाकावर बसलेल्या आजोबांपुढे धरला.

बाबांनी दोन्ही हात खिशात घातले.