दूध फेस धरेना

तिसऱ्या मशीनचाही फेस बसला.

वकारनं वाफेची नळी दुधातून काढली, पुसली आणि भांडं उद्धवरावांपुढं धरलं. वर चार मोठे बुडबुडे होते. बघता बघता तेही फुटले.

"काका, हे इटलीचं हाय. दोन बॉयलर. एकात कॉफी, एकात वाफ. याच्यापुढं मशीन नाही. याच्यापुढं विमानच घ्या लागते."

उद्धवराव हसले नाहीत. तेहतीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेला माणूस, निकाल लागल्याशिवाय हसायचा नाही.

आणि इथं निकाल मोठा होता. मुलगा विहंग आणि सून रेवती पुण्यात घरी बसूनच कंपनीचं काम करत. मग बुलढाण्यात बसून का नाही, असं उद्धवराव दोन वर्षं विचारत होते. शेवटी दिवाळीत रेवती म्हणाली, "बाबा, मला दिवसातून चारदा कॅपुचिनो लागते. ती घरात नीट जमली, तर येऊ. कायमचे."

उद्धवरावांनी त्याच आठवड्यात वरचा मजला रंगवून घेतला.

वकारचं चिखली रोडला कॉफीच्या मशिनींचं दुकान होतं. एकेक घरी लावून पाहा, पटेल ती ठेवा, म्हणाला. पहिलीत बॉयलर एकच. दुधासाठी वाफ तयार होईपर्यंत कॉफी थंड व्हायची. दुसरीनं वाफ सोडली की शेजारच्या रुक्मिणीबाई, कुकर उडाला म्हणून, आपला गॅस बंद करायला धावायच्या. तिसरी ओट्यावर ठेवायला चार माणसं लागली, आणि गल्लीतल्या मांजरीनं तिला पाहून येण्याजाण्याची वाट बदलली. कॉफी तिन्हींची झकास. फेस मात्र एकीचाही टिकेना. तीच मशीन वकारच्या दुकानात असा फेस काढी, की त्यात चमचा उभा राहावा.

व्होल्टेज तपासलं. स्टॅबिलायझर बसवला. दर वेळी त्यांची बायको शकुंतलाबाई आतून दूध आणून देत.

"मीच काढतो फ्रीजमधून," उद्धवराव म्हणायचे.

"तुमी बसा. मशीनकडं ध्यान द्या."

"तुले कोणतं पटते?"

"तुमाले पटंल ते. मले कोणी इचारलं होतं आजलोक?"

उद्धवरावांना हा होकार वाटला.

वकारनं घसा खाकरला. "काका, बुरा मानू नका. खोट मशीनमंदी नाही. दुधात हाय." त्यानं पिशवीतून दुधाची घनता मोजायची काचेची नळी काढली आणि भांड्यात सोडली. नळी खाली, खाली जात राहिली.

"अर्धं पाणी," वकार म्हणाला.

उद्धवराव खुर्चीत बसले. दूध जानरावचं होतं. बावीस वर्षं. संप झाले, कर्फ्यू लागला, जानरावच्या सायकलची मोटरसायकल झाली, डोक्याचे केस गेले, पण पावणेसहाचे सहा कधी झाले नाहीत. विहंगला टायफॉइड झाला तेव्हा हाच माणूस रोज दोनदा येऊन बसायचा.

दुसऱ्या दिवशी उद्धवराव साडेपाचलाच फाटकात उभे राहिले.

"किती पाणी टाकतं बे, जानराव?"

जानराव आधी हसला. मग त्याला समजलं, साहेब गंमत करत नाहीत. "साहेब, कॅन हे समोर हाय. मोजा."

"आज चोख असंलच. खबर लागली असंल तुले कालच."

"बावीस वर्सं झाली, साहेब."

"तेच म्हणतो. बावीस वर्सं पाणी पाजलं तू मले!"

रुक्मिणीबाई गॅलरीत आल्या होत्या. आणखी दोन दारं उघडली. जानरावनं शकुंतलाबाईंकडं पाहिलं. "वैनी, तुमी तरी सांगा ना."

शकुंतलाबाईंनी पदर सारखा केला. "मले काय समजते त्या नळीतलं?"

जानरावनं कॅनचं झाकण लावलं. मोटरसायकल सुरू न करता तो ती ढकलतच गल्लीबाहेर घेऊन गेला.

उद्धवरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पोराला फोन करून त्यांनी एवढंच सांगितलं, "नाही जमत बाबा इथं. राहू दे." दुपारी मशीन न्यायला सांगावं म्हणून ते वकारच्या दुकानात गेले. वकार गिऱ्हाइकासाठी दूध फेसाळत होता. भांड्यात पांढराशुभ्र, गुळगुळीत डोंगर उभा राहिला.

"पुड्याचं दूध?" उद्धवरावांनी विचारलं.

वकार चाचरला. "जानरावचं. तुमच्या घरचं उरलं, तर सकाळी इथं देऊन गेला. नळी बी लावली, काका. एकदम चोख हाय. बाजूच्या हॉटेलात बी रोज त्याचंच येते, तिथलं कालचं मोजलं, ते बी चोखच."

उद्धवराव तसेच दाराकडं वळले. माणूस निर्दोष होता, आणि शिक्षा चार दारांसमोर झाली होती. आत्ताच्या आत्ता त्याच्या घरी जायचं, पाय धरायचे. सोबत शकुंतलेला न्यायचं. असल्या वेळी तिलाच बोलणं सुचतं. मग घरी दूध बिघडतं कुठं, तेही तीच शोधून काढेल. पोरांना पुन्हा फोन करायचा, या म्हणायचं, मशीन ठरली.

ऑटो करून ते घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरातून शकुंतलाबाईंचा आवाज येत होता. कित्येक वर्षांत ऐकला नव्हता इतका मोकळा.

"हाव गं रेवती, तू म्हनली तसंच. अर्धं दूध, अर्धं पाणी. सुटली तू. आता नाही म्हनत ते, इकडं या म्हनून." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "जानरावचं वाईट झालं. त्याले जाता जाता मीच सांगीन खरं. तू आता पुण्याच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढ. नाही गं, दोन काऊन? एकच काढ. अन् परतीचं नको."