टेकलेला पाय

अपघातानंतर बसवलेल्या डाव्या पायाला नागेंद्र वर्षभर ‘हे लाकूड’ म्हणत आला होता. आज औरादच्या बिलियर्ड-पूलच्या हॉलमध्ये पांढरा बॉल पार टेबलाच्या मधोमध जाऊन थांबला. हात पुरेना, म्हणून नागेंद्र खेळायची काठी घेऊन टेबलावर आडवा झाला, तसा त्याचा उजवा पाय हवेत उचलला गेला.

“थांब,” समोरून खेळणारा त्याचा मित्र शिवशंकर म्हणाला. “एक पाय जमिनीला टेकलेला पाहिजे. कायदा हाय खेळाचा.”

“टेकलाय की.”

“ते तर लाकूड हाय. तूच म्हणतूस.”

नागेंद्रने मान वळवून खाली पाहिलं. डावा बूट फरशीवर पक्का रोवलेला होता.

“लाकूड कुणाला म्हणायलास? पाय हाय माझा.”

शिवशंकर बाजूला सरकला.

“मार मग,” तो म्हणाला. “वर्ष झालं, हेच ऐकायची वाट बघायलोय.”