पाचवा नंबर

गाडी परत भिंतीला आपटली. टॉवेलखाली निखिलने अंगठा डावीकडे दाबला, अजून डावीकडे. टीव्हीवरची लाल गाडी मात्र उजवीकडेच घसरत गेली आणि बाकीच्या सगळ्या गाड्या तिला मागे टाकून निघून गेल्या.

समोर आरामखुर्चीत त्याचे वडील, मधुकर, बसले होते. उभा जन्म डिचोलीच्या खाणींवर टिपर हाकलेला माणूस. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात पडला तेव्हापासून घराबाहेर पडला नव्हता. आत्ता त्यांच्या हातात छोटा कंट्रोलर होता, पण निखिलने तो खेळाला जोडलेलाच नव्हता. गाडी चालवायचा तो मागे जेवणाच्या टेबलाशी बसलेला निखिल, मोठ्या कंट्रोलरवर, टॉवेलखाली लपवून.

निखिल बोटीवर कामाला. तिथल्या पोरांत कंट्रोलरच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. रजेवर येताना त्याने दोन आणले होते. छोटा जुन्या खेळांसाठी, शर्टाच्या खिशात मावणारा. मोठा दोन्ही बाजूंनी ताणून मध्ये मोबाइल बसवायचा. टीव्हीवरच्या खेळाला मात्र दोन्हींतला एका वेळी एकच जोडला जायचा. मोठाच भारी, छोटा म्हणजे निव्वळ खेळणं, असा त्याचा निकाल कधीच लागलेला होता. तरी त्याने वडिलांना विचारलं. कारण डॉक्टरांनी बजावलं होतं की अंगठा हलवला नाही तर हात कायमचा असाच राहील, आणि व्यायामाचा रबरी चेंडू मधुकरनी अंगणात भिरकावून दिला होता. "माका बाळ समाजलंस काय?" म्हणाले होते.

"बाबा, दोनांतलो बरो खयचो? माका व्हिडिओ करूचो आसा."

"ह्यो," मधुकरनी छोटा उचलला. "तो मोठो दोन हातांनी पेलूचो लागता. माझो एकच आसा."

पण पहिल्या दिवशी त्यांचा अंगठा बटणावर नुसताच पडून राहिला. सगळ्या गाड्या सुटल्या, त्यांची जागची हलली नाही. त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. टिपर घाटात अडला तरी ज्याने कधी हातपाय गाळले नाहीत, त्या बापाचं ते तोंड फिरवणं निखिलला बघवेना.

मग त्याने लहानपणीची लबाडी केली. तेव्हा धाकटी बहीण शीतल खेळायला हट्ट धरायची आणि हा तिच्या हातात वायर तुटलेला कंट्रोलर द्यायचा. बिचारी तासन् तास बटणं दाबायची आणि आपणच जिंकलो म्हणून नाचायची. आता वडिलांची गाडी तो चालवू लागला. ती रोज पहिली येऊ लागली.

"ह्यो दिवो लुकलुकता कित्याक?" छोट्या कंट्रोलरकडे बघत मधुकरनी एकदा विचारलं होतं.

"चार्ज होता हा, बाबा," निखिलने बेधडक सांगून टाकलं. जोडलेला नसला की दिवा लुकलुकतो, हे त्यांना कोण सांगणार होतं?

एक गोष्ट मात्र त्याला कोड्यात टाकायची. मधुकर म्हणजे बढाया मारण्यात पटाईत. साधा घरामागच्या कुळागरातला फणस मोठा निघाला तरी जुना जोडीदार जयराम ड्रायव्हर याला फोन जायचा. आणि आता रोज पहिला नंबर येत होता, तरी त्यांनी कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता.

रजा संपत आली होती. सकाळीच निखिलने शीतलला सगळं समजावलं. आपण गेल्यावर टॉवेलखाली तिने बसायचं. बाबांना कळलं तर ते परत बटणाला हात लावणार नाहीत, हेही बजावलं. शीतलने भांडी विसळता विसळता नुसतं "बरा" म्हटलं.

आणि आज हा मोठा, भारी कंट्रोलर ऐन वेळी दगा देत होता. निखिल दात ओठ खाऊन बटणं दाबत होता.

लाल गाडी भिंतीपासून सुटली. रखडत निघाली. एकीला गाठलं, मग दुसरीला. शेवटच्या वळणावर ती आधी चांगली रुंद गेली, भरलेला टिपर वळवतात तशी, आणि आतून घुसून तिसरीलाही मागे टाकलं. आठ गाड्यांत पाचवी आली.

"चुकला, बाबा," निखिल घाईघाईने म्हणाला. "आज ह्या खेळाचाच कायतरी बिघडलाहा."

मधुकर सावकाश वळले. कपाळावरून घाम निथळत होता. उजवा अंगठा लाल झाला होता आणि थरथरत होता.

"तो टॉवेल काड."

निखिलने टॉवेल बाजूला केला. मोठ्या कंट्रोलरचा दिवा लुकलुकत होता.

"तुझो चार्ज होता हा," मधुकर म्हणाले.

त्यांच्या हातातल्या छोट्याचा दिवा लुकलुकत नव्हता. स्थिर जळत होता.

शीतल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हसत होती आणि डोळेही पुसत होती. "तू दुपारी भायर गेलंस की रोज खेळतत ते, दादा. आज पयल्यांदा पुरी शर्यत मारल्यांनी."

"तुमी ल्हान आसताना हिची तुटलेली वायर मी जोडून दिलंय," मधुकर म्हणाले. "आज माझी तिनां जोडल्यान."

निखिलला लाज वाटली, पण ती वाटते न वाटते तोच छाती अभिमानाने भरून आली. त्या अंगठ्याकडे तो बघतच राहिला.

"असो बघत काय रवलंस?" मधुकर ताठ बसले. "जयरामाक फोन लाव. सांग तेका, मधू पाचवो इलो!"